अर्ध्या सेकंदाची तक्रार

सकाळच्या यादीतली सहावी तक्रार वाचून ऋतुजा मगदूमला वाटलं, ऑफिसातल्या कुणीतरी घाईत उलटं टाइप केलंय. ‘इंटरनेट प्रमाणाबाहेर वेगवान आहे. कृपया तपासून जावे.’ खाली नाव होतं मुकुंद नेर्लेकर, तांबट गल्ली, गडहिंग्लज. अकरा वर्षं ती याच गावात घरोघर जोडण्या तपासत फिरत होती. या अकरा वर्षांत लोकांनी तिच्यादेखत नेटच्या नावानं बोटं मोडली होती, एका आजींनी तर राऊटरवर लिंबू-मिरची बांधली होती. पण वेग जास्त झाला म्हणून बोलावणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

वेग म्हणजे नळाचं पाणी, कंपनीनं चावी सोडली की धो धो यायचं, असा लोकांचा समज. ऋतुजाला ठाऊक होतं की घोडं कुठे कुठे अडतं. कुणी राऊटर लोखंडी कपाटामागे दडवून ठेवतं आणि वर कंपनीला शिव्या घालतं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेटीत एकच काचतंतू येतो आणि तिथून त्याचे बत्तीस घरांना वाटे पडतात, मग संध्याकाळी सगळी गल्ली एकदम बसली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतं. यावर काही ना काही इलाज तरी निघतो. अंतरावर मात्र इलाज नाही. काचेतून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो आणि त्याहून जास्त तो धावणार नाही, मग तुम्ही कितीही महागाचा प्लॅन घ्या.

या न होणाऱ्या कामावर तीन वर्षांपूर्वी एक तोड निघाली. साबणाच्या वडीएवढी एक डबी राऊटरला जोडायची. कागदावर तिचं नाव ‘पूरक यंत्र’, गावात सगळे तिला भरणी म्हणत. नेटवरून येणारा आवाज, चित्र, सगळं छोट्या छोट्या पुडक्यांनी येतं. एखादं पुडकं वेळेत पोचलं नाही की पूर्वी चित्र थिजायचं, माणूस उघड्या तोंडानं अडकून राही. भरणी तसं होऊ देत नसे. आधीच्या हजारो पुडक्यांवरून पुढचं काय असेल हे ती ताडायची आणि तेवढी फट स्वतः भरून काढायची. खरं पुडकं आलं की गुपचूप त्याला जागा द्यायची. क्रिकेट बघणाऱ्याला चेंडू थांबलेला दिसेना, लोक खूश झाले. अर्ध्या सेकंदापर्यंतच भरायचं, त्यापुढे लाइन तुटल्याचं सरळ दाखवायचं, असा नियम होता.

नियम होता, पण गडहिंग्लजला त्याची पद्धत वेगळी पडली. इथल्या बाजारात शेंगा मापून झाल्या तरी मूठभर वर टाकल्याशिवाय विकणाऱ्याचं मन भरत नाही. जोडणी करणाऱ्या पोरापोरींनीही तेच उचललं. काम झालं, चहा झाला की निघताना डबीची मर्यादा जरा सैल करायची आणि सांगायचं, “वर थोडं सोडलंय बघा.” घरचे खूश आणि ऑफिसच्या नोंदीत लाइन तुटल्याचा आकडा शून्य. तांबट गल्लीतली पेटी जुनी होती, नवा तंतू टाकायला रस्ता उकरावा लागणार होता आणि काँक्रीट नुकतंच झाल्यामुळे नगरपालिका उकरू देत नव्हती. म्हणून त्या गल्लीत ऋतुजानं मर्यादा नुसती सैल केली नव्हती, काढूनच टाकली होती. बत्तिसाच्या बत्तीस घरांत. यात आपण काही वावगं करतोय असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

मुकुंदरावांचं घर तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, शालनकाकी, गेल्या होत्या आणि त्यानंतर महिनाभरानं तिनंच तिथे भरणी बसवली होती. तेव्हा ते सोफ्याच्या कडेला बसून राहिले होते, चहा शेजारणीनं आणून दिला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा तन्मय मालवाहू जहाजावर इंजिनियर होता आणि त्याचा फोन सारखा तुटतो एवढीच त्यांची तक्रार होती. त्या घरासाठी तिनं मर्यादा काढली ती अगदी मनापासून.

आज मात्र मुकुंदराव दारातच उभे होते, हातात वही घेऊन. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण शर्ट इस्त्रीचा. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेलं, त्यातली पहिली नऊ वर्षं ट्रंक एक्स्चेंजला. परदेशचे कॉल जोडून देणं हे काम. आत गेल्यावर त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडून समोर ठेवली. पानावर तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे आकडे.

“तन्मयच्या जहाजाला अजून जुनाच उपग्रह आहे, उंचावरचा,” ते म्हणाले. “कंपनीला स्वस्त पडतो म्हणे. छत्तीस हजार किलोमीटर वर, तेवढंच खाली. माझा शब्द त्याच्याकडे जायला पाव सेकंद, त्याचा यायला पाव सेकंद. आम्ही ट्रंकवर बसायचो तेव्हापासून ही फट माझ्या कानात बसलीय. मी काही विचारलं की उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊच शकत नाही. सांग बघू, चुकतोय का मी?”

ऋतुजा म्हणाली, नाही. भरणी ती फट झाकते, म्हणून काकांना ती जाणवत नसेल. बोलणाऱ्याच्या ‘हं’, ‘अं’ अशा सुरुवाती डबी आधीच लावून देते आणि मग खरा आवाज जोडते. त्यात काळजीचं काही नाही, हेही तिनं सवयीनं सांगून टाकलं.

मुकुंदरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ‘हं’चं त्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांनी वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. बावीस दिवसांपूर्वीचा रविवार, दुपारचे चार. दर रविवारी चारला तन्मयची दहा मिनिटांची पाळी असे, पण त्यानंतरच्या तीन रविवारी त्याचा फोन आला नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला. शालनकाकींना अकरा दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. तन्मय तेव्हा नव्या जहाजावर, बढतीच्या कागदावर सही व्हायची होती. मुकुंदराव त्याला रोज लिहून पाठवत, सगळं ठीक आहे, आई झोपलीय. फोनवरही तेच. पोराचा जीव टांगणीला नको, आठवड्यात ती उठून बसेल, असा त्यांचा हिशेब. बाराव्या दिवशी खरं सांगावं लागलं. तन्मय पोचला तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. परत जाताना तो एवढंच म्हणाला की इथून पुढे मला लिहून काही पाठवू नका, तुमचं लिहिलेलं मी वाचणार नाही. फोन तो करत राहिला, पण पाळी म्हणून. आणि मुकुंदरावही चूक कबूल करायची सोडून दर रविवारी त्याच्या लग्नाचं काढत आणि ओरडत. दुसरं काही बोलायला जीभच वळत नव्हती, असं ते म्हणाले.

“त्या रविवारी तो स्वतःहून म्हणाला, ‘बाबा, आईच्या वेळी तुम्ही असं का केलंत?’ दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं. मी गप्प झालो. किती वेळ ते वहीत नाही, पण बराच. मग म्हटलं, ‘तन्मय, चुकलं माझं. मी घाबरलो होतो.’ आणि माझा शब्द संपायच्या आत तो म्हणाला, ‘झालं ते झालं बाबा. राग नाही माझा. पोर्टला लागलो की करतो फोन.’” मुकुंदरावांनी वही मिटली. “संपायच्या आत, ऋतुजा. पहिले आठ दिवस मी नुसता आनंदात होतो. शालनच्या फोटोला सांगून झालं. आता झोप येत नाही. ते वाक्य त्याचं होतं का, एवढं मला बघून दे.”

भरणी आपल्या पोटात तीन महिन्यांची नोंद ठेवते. कोणता शब्द लाइनवरून आला आणि कोणता डबीनं भरला, हे त्यात क्षणाक्षणाला लिहिलेलं असतं. ती काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तिनं टॅब जोडला, तारीख टाकली आणि काकांकडे पाठ होईल अशी बसली.

नोंदीत लाइनवरून आलेले शब्द काळे आणि भरलेले शब्द तांबडे दिसत. ‘आईच्या वेळी तुम्ही असं का केलंत’ काळं होतं. त्यानंतर इकडून नऊ सेकंद काही गेलेलं नव्हतं. मग मुकुंदरावांचं वाक्य. आणि त्यानंतर स्क्रीन तांबडी झाली होती. झालं ते झालं, तांबडं. राग नाही माझा, तांबडं. पोर्टला लागलो की करतो फोन, तेही तांबडं. ते त्याचं नेहमीचं निरोपाचं वाक्य, डबीला पाठ झालेलं. रविवारी चारला बाकीची एकतीस घरं मॅच बघत होती, गल्लीतल्या पेटीत गर्दी उसळली होती. तन्मयची पुडकी सहा सेकंद उशिरा पोचली आणि तोवर डबीनं त्याच्या वतीनं बोलून टाकलं होतं. उशिरा आलेला माल डबी टाकून देते. टाकलेलंही नोंदीत राहतं, तळाशी, करड्या अक्षरात.

तिनं ते करडं वाचलं. पुन्हा वाचलं. मागून मुकुंदरावांनी विचारलं, सापडलं का. तिला वाटलं, हो म्हणावं. त्याचंच आहे काका, असं म्हणावं आणि डबी पिशवीत घालून चालू लागावं. ओठांवर आलंही होतं. पण हा माणूस अर्धा सेकंद ओळखणारा होता आणि तिच्या उत्तराला लागलेला वेळ त्यानं आतापर्यंत मोजला असणार.

“काका, ते वाक्य डबीचं आहे,” ती म्हणाली. “आणि डबीला एवढं बोलता येऊ नये म्हणून मर्यादा असते, ती मी काढली होती. तुमचा फोन तुटू नये म्हणून.”

मुकुंदराव उठले. आतल्या खोलीत जाऊन आले, चष्मा पुसून आले असावेत. मग म्हणाले, “मग तो खरं काय म्हणाला?”

तिनं टॅब त्यांच्याकडे वळवला. वाचून दाखवायचं तिच्या जिवावर आलं. करड्या अक्षरात एवढंच होतं: ‘मी आईचं विचारतोय आणि तुम्ही आजही लग्नाचंच काढलंत? ओरडू नका, बाबा. बास. ठेवतो मी.’

त्यांनी ते वाचलं आणि गोंधळून तिच्याकडे बघितलं. “मी लग्नाचं अक्षर काढलं नव्हतं त्या दिवशी. ओरडलोही नव्हतो. मी तर गप्प होतो.”

ऋतुजाला कळायला एक क्षणच लागला. माणूस गप्प असतो तेव्हा लाइनवरून काहीच जात नाही. जागा वाचावी म्हणून शांततेचं पुडकं कुणी पाठवतच नाही. तेव्हा पलीकडच्या डबीला हे कळायचा मार्गच नसतो की माणूस विचार करतोय की लाइन अडलीय. जहाजावरही भरणी होती, जहाजाच्या तारांतच बसवलेली, खलाशांच्या हाताबाहेरची. समुद्रावर लाइन तुटकी म्हणून तिला मर्यादा नसणार हे उघड होतं. काकांचे ते नऊ सेकंद त्या डबीनं भरले. दोन वर्षांच्या रविवारांवरून मुकुंद नेर्लेकर असा प्रश्न आला की काय बोलतात हे तिला ठाऊक होतं, तेच ती त्यांच्या आवाजात बोलली. ‘चुकलं माझं’ तिथवर पोचलं तोवर तन्मय बहुधा फोन ठेवून उठला होता.

हे सगळं तिनं त्यांना सांगितलं, काही न वगळता. ती सॉरी म्हणाली, दोनदा म्हणाली. मुकुंदराव खिडकीबाहेर बघत होते.

“तू का रडतेस,” ते म्हणाले. “फोन तुटू नये म्हणूनच केलंस ना. मीही अकरा दिवस दुसरं काय केलं? आणि त्या डबीनं तरी काय, माझंच तर बोलणं बोलून दाखवलं.”

लिहून कळवा असं सुचवायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तो वाचणार नव्हता. जहाजावरच्या कुणा सहकाऱ्याकडून निरोप द्यावा तर त्यात डबीची गोष्ट सांगावी लागणार आणि मी नाही, यंत्र ओरडलं, हे बापाच्या तोंडून आलेलं पोरानं का खरं मानावं? सगळं ठीक आहे हेही याच माणसानं अकरा दिवस सांगितलं होतं. बोलायला हवं होतं ते त्यांनीच, त्यांच्याच आवाजात.

इकडची डबी तिनं काढून टाकली. फोन तारेनं सरळ राऊटरला जोडला, शेजारच्या घरांत जाऊन तासभर नेट बंद ठेवायची विनंती करून आली. तांबट गल्लीनं कुरकुर केली पण ऐकलं. आता येणारं सगळं खरं असणार होतं, तुटकं का होईना. जाणाऱ्याचं मात्र तसं नव्हतं.

“काका, एकच गोष्ट लक्षात ठेवा,” ती म्हणाली. “बोलायला लागलात की थांबायचं नाही. अर्धा सेकंदही नाही. तुम्ही थांबलात की तिकडची डबी बोलेल.”

मुकुंदरावांनी मान हलवली. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी चार वाक्यं लिहून काढली आणि ती मोठ्यांदा वाचायला लागले. पहिल्या खेपेला दुसऱ्या वाक्यावर अडखळले. दुसऱ्या खेपेला तिथेच. ऋतुजानं घड्याळ लावलं, ते वाचत राहिले, दम कुठे घ्यायचा तिथे तिनं पेन्सिलीनं खुणा केल्या, म्हणजे शब्द ओढत ओढत दम घेता येईल. दोन वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते त्यांना आता पाढ्यासारखं म्हणायचं होतं. नवव्या खेपेला ते एका दमात झालं. चेहरा लाल झाला होता, पण झालं.

रविवार नव्हता, म्हणून जहाजाच्या जेवणघरातला नंबर लावला. कुणीतरी उचलला, तन्मयला बोलवायला गेलं. बराच वेळ नुसती खरखर येत होती. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हं,” तन्मय म्हणाला. तो आवाज तुटका, कोरडा होता आणि त्याचाच होता.

मुकुंदरावांनी वही डोळ्यांसमोर धरली. “तन्मय फोन ठेवू नको मागच्या वेळी तू ऐकलंस ते मी बोललोच नव्हतो मधली डबी बोलली हे तुला खोटं वाटेल तरी ऐक आईचं तुझ्यापासून लपवलं ते चुकलं माझं मी घाबरलो होतो तू येशील आणि तुझ्यासमोर ती जाईल याला घाबरलो होतो आणि शालन...”

पाठ केलेल्यात ते नाव नव्हतं. वहीत ‘ती’ असं लिहिलेलं होतं. नाव आपोआप आलं आणि त्यावर ते थांबले. ऋतुजानं त्यांचा दंड घट्ट धरला. घड्याळावर अर्धा सेकंद झाला, एक झाला, दीड झाला.

“शालन शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती,” मुकुंदरावांनी वाक्य पुरं केलं. “एवढंच सांगायचं होतं.”

मग त्यांनी वही खाली ठेवली. पाव सेकंद जायला, पाव सेकंद यायला. तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला, चौपट गेला. फोन तुटलेला नव्हता, समोरच्या राऊटरचा दिवा हिरवाच होता. डबी नसल्यामुळे ही शांतता तरी खरी होती. मुकुंदराव फोन कानाला लावून, डोळे मिटून बसले होते आणि ऋतुजा त्या दिव्याकडे बघत होती. तिच्या मनात एकच प्रश्न घोळत होता आणि तो काकांना विचारायची तिची छाती होत नव्हती. त्या दीड सेकंदात, त्यांच्या आवाजात, तन्मयला काय ऐकू गेलं असेल?